काळ्या टाक्यांचे चेंडू

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मला चौथीत कळत नव्हतं, आणि चौथीनंतर कळायची सोयच राहिली नाही. हे कुणी वाचलंच तर चुकांकडे काणाडोळा करावा. शिवाय ही वही लिहायची नाहीच, बेसबॉलच्या मॅचचे आकडे मांडायची आहे. प्रत्येक पानावर छोटे छोटे चौकोन छापलेत आणि प्रत्येक चौकोनात टोकावर उभा केलेला आणखी एक चौकोन. माझ्या मुलीच्या, नंदाच्या जुन्या सामानात निघाली, अर्धी कोरी. टाकवेना. त्या चौकोनांवरूनच लिहिते आहे. माझ्या ओळी तशाही सरळ जात नाहीत, निदान दोष चौकोनांवर ढकलता येईल.

आज सकाळी धायरी फाट्यावर झेंडूचे ढीग दिसले. टेम्पोतून नुकते उतरवलेले, ओले. पाऊस आवरता घेतोय हे मला आभाळावरून कळत नाही, झेंडूवरून कळतं. तो वास नाकात गेला आणि त्याच्यामागून दुसराच एक वास आला, जो तिथे नव्हता. ओल्या कातड्याचा, वाळलेल्या चिखलाचा आणि मेणाचा. पोत्यात भरलेल्या जुन्या चेंडूंचा वास. फुलवाल्याने दोनदा विचारलं, "मावशी, किती देऊ?" मी दोन बोटं दाखवली. दोन किलो घेऊन घरी आले. सून म्हणाली, "आई, एवढ्या फुलांचं काय करायचं?" तिला कुठून सांगायला सुरुवात करू, तेच कळेना. म्हणून वही काढली.

तेव्हा आम्ही शनिवार पेठेत राहत होतो. खाली ह्यांचं बॅगा दुरुस्तीचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. दप्तरं, सुटकेसा, डॉक्टरांच्या बॅगा, तबल्याच्या खोळी, जे उसवेल ते आमच्याकडे यायचं. मशीनवर हे बसायचे, आणि मशीन पोचत नाही तिथली हातशिलाई माझ्याकडे. दुकानात मागच्या बाजूला एक पडदा होता, मी पडद्याआड बसायचे. गिऱ्हाईक आलं की माझा आवाज कुठे जायचा देव जाणे. भाव सांगायचा असला तरी पडद्याच्या फटीतून बोटं दाखवायची. हे गिऱ्हाइकाला गंभीरपणे म्हणायचे, "आतून पाच आलेत."

साठे सर पहिल्यांदा आले ते अशाच एका पावसाळ्यात. शाळेतून पीटीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या मैदानावर मुलींना बेसबॉल शिकवायचे. त्यांनी काउंटरवर एक वस्तू ठेवली. वरचं कातडं फाटून जिभेसारखं बाहेर आलेलं, आतली लोकर दिसत होती.

"शिवून मिळेल का?"

"आहे काय हे?" ह्यांनी विचारलं.

"चेंडू. फळ असतं तर मंडईत गेलो असतो."

पावसाळ्यात त्यांचं मैदान बंद असायचं. जूनपासून नवरात्रापर्यंत चिखल. खेळ थांबला की सर दुरुस्त्या काढायचे. बॅटा, जाळ्या, कॅचरच्या तोंडावरची लोखंडी जाळी आणि हे चेंडू. नवे चेंडू परवडत नव्हते. त्यांनी टाके घालायला तांबडा बारीक दोरा आणून दिला होता. मी चेंडू पडद्याआड घेतला, गुडघ्यांत धरला आणि उसवला. कातड्याचे दोन तुकडे, दोन्ही मधे चिंचोळे आणि टोकांना गोल, एकमेकांना मिठी मारल्यासारखे बसणारे. आत गुंडाळलेली लोकर, कोंबडीच्या अंड्यासारखी गरम वाटली हाताला. भोकं मोजली. एकशे आठ जोड्या. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजली. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. तुझा जपही होईल आणि कामही."

बारीक दोरा मात्र माझ्या हाताला पटेना. दप्तराला मी कधी बारीक दोरा लावला नव्हता. दप्तर शिवायचं ते मूल दहावीला जाईपर्यंत उसवू नये म्हणून. मी बॅगांचा जाड काळा दोरा घेतला, मेण लावलं, आरीने भोकं मोठी केली आणि दोन्ही सुया ओढ ओढ ओढल्या. सर न्यायला आले तेव्हा चेंडू हातात फिरवून म्हणाले, "काळा?"

"टिकेल," मी पडद्यामागून म्हणाले. बाहेरच्या माणसाशी बोललेला तो माझा त्या आठवड्यातला एकुलता एक शब्द होता.

आणि टिकले. पुढच्या पावसाळ्यात सरांनी पोतंच आणून टाकलं. मैदानावर त्यांना काकूंचे बॉल म्हणायचे. दुपारी चारच्या सुमारास पाऊस पन्हाळीतून गळत असायचा, मशीन पडद्यापलीकडे घरघरत असायची, माझ्या गुडघ्यांत चेंडू आणि ओठांत दोऱ्याचं टोक. तेवढा वेळ मला जगात कुणाशी काही बोलावं लागायचं नाही. त्या महिन्यांना सर "मोकळे महिने" म्हणायचे. मला तर ते भरलेले वाटायचे.

शिवलेले चेंडू पोचवायला नंदा जायची, तेरा वर्षांची. जाता-येता बघायला लागली, बघता बघता खेळायला लागली. ती डावखुरी. डाव्या हाताने चेंडू टाकणारीला झेलायचा हातमोजा उजव्या हातात लागतो, आणि क्लबातले सगळे मोजे डाव्या हाताचे. महिनाभर ती उलटा मोजा घालून खेळली. मग सरांनी मेरठहून एक मागवला. पार्सल आलं तेव्हा अकराशे रुपयांची पावती त्यांनी खिशात लपवली, पण ह्यांनी बघितली.

"आम्हाला फुकट नको, सर."

"फुकट मी माझ्या बायकोलाही काही देत नाही," सर म्हणाले. "चेंडूमागे पाच रुपये देतो ना मी? दोनशेवीस चेंडू शिवा. मोजा तुमचा."

ते पैसे सरांच्या पेन्शनमधले होते. क्लबची पेटी म्हणजे सरांचा खिसाच. म्हणून प्रत्येक चेंडू शिवून झाला की मी भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायचे.

तो मोजा अजून आहे. इथे धायरीच्या फ्लॅटमध्ये माझ्या खोलीत खिळ्याला टांगलाय, वाळून कडक झालाय, तळव्यात मात्र अजून मऊ. नंदाची मुलगी सुट्टीत आली की हात घालून बघते. ती उजवी. तिच्या काही कामाचा नाही. "आजी, हा उलटा का आहे?" दर वेळी विचारते. मी म्हणते, तुझी आई उलटी आहे म्हणून.

पण मला सांगायचंय ते एकाच पावसाळ्याबद्दल. नंदा अकरावीत होती. भिंतीवर एकशेऐंशी रेघा झाल्या होत्या.

त्या वर्षी मे महिन्यात क्लबातलं सगळंच उसवलं. आधी वैशालीचं लग्न झालं. वैशाली म्हणजे त्यांची पहिली पिचर, चेंडू टाकणारी. तिच्या रुखवतात तिच्या आईने करंज्यांच्या आणि विणलेल्या तोरणाच्या मधे तिचा बेसबॉलचा मोजा मांडला होता. साताऱ्याच्या पाहुण्यांनी विचारलं, हे काय? तर वैशालीच म्हणाली, "माझा आहे, बरोबर येणार आहे." मग रेश्मा पोलीस भरतीत लागली. आणखी दोघींच्या घरी बारावीचं वर्ष, खेळ बंद. आणि जूनमध्ये सर दुकानात आले, स्टुलावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "हे दोघं म्हणतात, पुरे."

"मग क्लब?" ह्यांनी विचारलं.

"क्लबला गुडघे नसतात. चालेल."

नव्या कोच आल्या त्या मीनल मॅडम. पंचविशीच्या, स्वतः खेळलेल्या, स्कूटीवर यायच्या, केस मुलांसारखे कापलेले. क्लबचं बाकीचं कामही त्याच बघणार होत्या. वर्गणी काढून त्यांनी नव्या चेंडूंची खोकीही आणली. सरांच्या वेळी यादी म्हणजे जी मैदानावर येईल ती. मॅडमनी ठरवलं, पंधरा जणी, एकही जास्त नाही. पंधरांत पिचर दोन. कोथरूडहून तेजल नावाची एक मुलगी त्यांनी आणली, ती पिचर. आणखी एक होती, तीही पिचर. आणि आमची नंदा. यादी कधी? तर क्लबात पहिल्यापासून जशी रीत, खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मैदानावर बॅटा, चेंडू, मोजे मांडून पूजा करायची आणि मग नावं वाचायची. ती रीत तेवढी मॅडमनी ठेवली.

आम्हाला कुणालाच काळजी नव्हती. वैशाली गेली, तर आता नंदा पहिली. इतकी वर्षं ती दुसरी होती. बाहेरच्या क्लबांशी मॅच असली की वैशाली टाकायची, नंदा आपल्या मुलींना सरावात टाकायची. पण सरावात तिचा चेंडू असा वळायचा की मुली हवेत बॅट फिरवून स्वतःभोवती गोल फिरायच्या. सर म्हणायचे, "भोंडला झाला असेल तर खेळूया."

ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस उघडीप पडली. शाळेच्या पत्र्याच्या शेडखाली मॅडमनी चाचणी घेतली. संध्याकाळी नंदा घरी आली ती थेट मोरीत गेली, बराच वेळ पाय धूत बसली.

"काय झालं गं?"

"आई, माझा हात गेला."

"गेला म्हणजे? दाखव बघू."

"दुखत नाही गं. वळतच नाही चेंडू. मॅडमनी खोक्यातले नवे बॉल काढले. मी वीस टाकले. वीसच्या वीस सरळ." तिने टॉवेल तोंडावर धरला. "मॅडम म्हणाल्या, तुझा बॉल बॅटला नमस्कार करायला आल्यासारखा येतोय."

ती रडली नाही. वाटीत खोबरेल घेऊन मोज्याला चोळत बसली. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. हे म्हणाले, "एखादा दिवस असतो असा." दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी नाव मागे घेते. उगाच खंडेनवमीला सगळ्यांसमोर ऐकून घ्यायचं."

त्या दिवशी तिच्या दप्तरात एक नवा चेंडू होता. मॅडमनी घरी सरावाला दिलेला. मी सहज हातात घेतला. पांढरा, तांबड्या टाक्यांचा, देखणा. शिवणाऱ्या बाईला दुसऱ्याची शिलाई दिसली की बोट आपोआप फिरतं. मी टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि अंगठा घसरला. नीट बसलेले, चपटे टाके. शेजारी पाटावर माझा एक चेंडू होता. त्याच्यावरून अंगठा फिरवला. अडकला. माझा टाका वर आलेला, शेताच्या बांधासारखा.

मी नंदाला मागच्या बोळात नेलं. तिथे भिंतीवर गोणपाट टांगलेलं असायचं.

"हा टाक."

तिने नवा टाकला. सरळ गेला.

"आता हा."

तिने माझा टाकला. गोणपाटाच्या हातभर अलीकडे तो वळला आणि कोपऱ्यावर धप्पकन बसला.

नंदा माझ्याकडे बघत राहिली. मी माझ्या हातांकडे. मला फारसं शास्त्र कळत नाही, पण एवढं कळलं की तीन वर्षं तिच्या बोटांनी माझ्या जाड दोऱ्याला धरून चेंडू वळवला होता. वारा त्या बांधाला अडत असेल, काय होत असेल ते होवो. सरांनी बारीक दोरा दिला होता. मीच टिकाऊ करायला गेले. मुलीचं भलं करताना मी तिला खोट्या चेंडूवर शिकवलं होतं.

"मॅडमना सांग," मी म्हणाले.

"मी नाही सांगणार. सबब सांगितल्यासारखं होईल."

ते खरं होतं. तिने सांगितलं तर सबब. ह्यांनी सांगितलं तर बापाचा वशिला. ज्या हाताने टाका घातला त्यानेच सांगायला हवं होतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी वायरच्या पिशवीत दोन्ही चेंडू घातले, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. वाटेत कुणी हटकलं तर मंडईतून येते म्हणायला. शनिवार पेठेतून सदाशिव पेठेत जायला पंधरा मिनिटं लागतात. मला पाऊण तास लागला. दोनदा अर्ध्यातून परत फिरले होते.

शेडखाली सर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मॅडमच्या हातात किल्ल्या देत होते.

"ही स्टोअरची. ही टाकीची. ही कशाची ते मलाही माहीत नाही, पण बारा वर्षं सांभाळली आहे, तुम्हीही सांभाळा." मग त्यांना मी दिसले. "वहिनी? इकडे कुठे?"

माझ्या तोंडून निघालं, "कोथिंबीर."

"आमच्या क्लबला लागत नाही. आम्ही अजून पोह्यांपर्यंत पोचलो नाही."

मॅडम हसल्या. त्या हसल्या म्हणून मला थोडा धीर आला. मी जुडी बाजूला करून दोन्ही चेंडू त्यांच्यापुढे धरले. घरी काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्यातलं एकच उरलं. "तिचा हात गेलेला नाही. माझा दोरा जाड आहे."

मॅडमनी अंगठा फिरवला. एकावर, मग दुसऱ्यावर. मग पुन्हा पहिल्यावर. सरांनी हात पुढे केला, त्यांनीही फिरवला.

"कळलं, काकू," मॅडम म्हणाल्या. "पण मॅचला नवाच बॉल असतो. तुमचा नेता येणार नाही."

"नेऊ नका."

"मग मी काय करू?"

"वेळ द्या. ती चुकीचं शिकली नाही. चुकीच्यावर शिकली."

हे वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं. कुठून आलं मला माहीत नाही. सर म्हणाले, "तीन वर्षं मी हाच चेंडू रोज हातात घेतला. अंगठा फिरवायची बुद्धी झाली नाही. तेव्हा निम्मी चूक माझ्या नावावर घाला."

मॅडम दोघांकडे बघत म्हणाल्या, "यादी खंडेनवमीला आहे. सहा आठवडे आहेत. त्या दिवशी जी चांगली ती. मी कुणाच्या आईकडे बघून नाव घालत नाही."

"घालू नका," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

मी निघाले तशी त्यांनी हाक मारली. काळा चेंडू अजून त्यांच्या हातातच होता. "शिलाई मात्र लोखंडासारखी आहे. बारीक दोऱ्याने जमेल? जुने चाळीस पडलेत. नवे मी मॅचला ठेवणार, सरावाला मला तेच लागतील. पण टाके असे," त्यांनी नवा चेंडू दाखवला, "चपटे हवेत."

चाळीस. भिंतीवर तेवढ्याच रेघा कमी होत्या. नवी खोकी आली तेव्हा मी मनातून घाबरले होते की आता जुने चेंडू कोण शिवून घेणार आणि सरांचे पैसे कसे फिटणार. मी मान हलवली. कोथिंबीर तिथेच विसरून आले.

मग ते सहा आठवडे. आत्ता लिहिताना वाटतं, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कुठले असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, आणि विचारणाऱ्याला पटणार नाही. कारण घडत काहीच नव्हतं. पाऊस परत आला होता. मी वरच्या खोलीत खिडकीशी बसलेली, नंदा खाली बोळात पत्र्याखाली. बारीक दोरा बोटाला कापायचा, मी बोटांना चिंध्या गुंडाळल्या. जास्त ओढला की तुटायचा, कमी ओढला की टाका सैल. पहिला चेंडू मी तीनदा उसवला. खाली नंदाचा चेंडू धप्प करून गोणपाटाच्या मधोमध बसायचा, जिथे बसायला नको तिथे. मी वरून विचारायचे, "वळला?" ती खालून ओरडायची, "नाही. तुझा?" मी म्हणायचे, "तुटला." हे मशीनवरून म्हणायचे, "घरात दोन विद्यार्थिनी, दोघी नापास."

संध्याकाळी नदीच्या बाजूने ढोलांचा सराव ऐकू यायचा, गणपती जवळ आले होते. ढोलाचा ठेका आणि नंदाचा धप्पा मधेच जुळायचे, मधेच सुटायचे. तिने आता बोटं जवळ घेतली होती, मग लांब केली, मग मनगट उशिरा सोडलं. मॅडम शेडखाली अर्धा तास जास्त थांबून तिला दाखवायच्या. तेजललाही थांबवायच्या. घरी येऊन नंदा म्हणायची, "तेजल चांगली आहे गं. चांगलीच आहे." त्यात हेवा होता, पण मोकळा.

सर रोज सकाळी, मी खाली पडद्याआड असताना, दुकानात यायला लागले. ह्यांनी एकदा विचारलं, "सर, मैदानावर नाही जात?"

"नव्या माणसाच्या मानेवर बसू नये. इथे बसतो. इथे मान माझीच आहे." मग पडद्याकडे तोंड करून मोठ्याने, "वहिनी, तीन वर्षं मी गावभर सांगत होतो, बघा माझं कोचिंग. निघाला तुमचा दोरा."

मी पडदा बाजूला केला. काम करताना उजेड लागतो, एवढंच कारण. पण मग तो मी परत लावला नाही.

एक मला तेव्हा कळलं. चेंडू उसवला की बाई घाबरते, आता हा गेला. कातडं एकीकडे, लोकर एकीकडे. पण लोकर दाबून बघितली की ती तशीच घट्ट असते. कातडं बदलतं, दोरा बदलतो, शिवणारी बदलते. वैशाली साताऱ्याला गेली, सर स्टुलावर येऊन बसले, मीनल मॅडम शिट्टी वाजवायला लागल्या, आणि मैदान तिथेच होतं, नुसतं पावसात भिजत.

गौरी-विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी खालून धप्पा आला तो वेगळा. मी खिडकीतून वाकले. नंदा हलली नव्हती. चेंडू गोणपाटाच्या खालच्या कोपऱ्यात पडला होता.

"वळला?"

"जरासा." तिने दुसरा टाकला. "जरासाच वळतो, आई. पण मी सांगेन तिथे वळतो."

माझ्या चेंडूंसारखा हातभर वळून बायकांना भोंडला खेळवणारा तो कधीच झाला नाही. चार बोटं वळायचा. चार बोटं तिची स्वतःची होती.

खंडेनवमीला सकाळी ह्यांनी दुकानात आरी, रापी, कात्री, मशीन सगळ्यांची पूजा केली. माझ्या दोन सुयाही त्यात ठेवल्या. मग आम्ही तिघं मैदानावर गेलो. जमीन वरून वाळलेली, आत ओली, चालताना पाय जरा दबत होता. चादरीवर बॅटा ओळीने, त्यांच्यावर हळदकुंकू, कॅचरच्या लोखंडी जाळीला झेंडूची माळ, मोजे एकात एक घालून ठेवलेले, मधे शिट्टी. आणि एका टोपलीत माझे चेंडू, तांबड्या टाक्यांचे, चपटे. नव्या खोक्यातले शेजारी होते. लांबून फरक कळत नव्हता. जवळून मला कळत होता.

आरती झाली. यादी वाचायचा मान सगळ्यांत जुन्या माणसाचा. मॅडमनी कागद सरांपुढे केला. सरांनी खिसे चाचपले. "चष्मा घरी राहिला. वाचा तुम्हीच."

चष्म्याचं घर त्यांच्या वरच्या खिशातून डोकावत होतं. मला दिसलं, मॅडमनाही दिसलं असावं, कारण त्यांनी वाचायच्या आधी एक क्षण त्यांच्याकडे बघितलं आणि मग घसा खाकरला.

नावं सुरू झाली. कॅचर. मग बेसवर उभ्या राहणाऱ्या. मग लांब उभ्या राहणाऱ्या. नंदा वाकून बुटाची नाडी बांधत होती. एकच नाडी, पुन्हा पुन्हा. तेरा नावं झाली. ह्यांचा हात माझ्या हातातल्या पिशवीवर होता, आम्ही दोघं मिळून एक पिशवी धरली होती.

"पिचर. पहिली, तेजल." मॅडमनी पान उलटलं नाही, तरी मला तेवढा वेळ लागल्यासारखा वाटला. "दुसरी, नंदा."

नंदाने नाडी सोडली आणि नीट बांधली. तिचे कान लाल झाले होते. परतताना ह्यांनी तिला विचारलं, "पुन्हा दुसरीच, वाईट वाटलं का?" ती म्हणाली, "बाबा, आधी दुसरी होते ती आईच्या दोऱ्याने. आता माझ्या हाताने आहे." पुढे ती पहिली झाली, बाहेरगावी खेळली, आता एका शाळेत मुलींना शिकवते. पण ते वाक्य मला त्या सगळ्यापेक्षा जास्त आठवतं.

मैदानावरून निघण्याआधी एक काम राहिलं होतं. चाळीसमधले तीन चेंडू आतून कुजले होते, ते शिवण्यासारखे नव्हते. शिवले सदतीस. मी सरांच्या खुर्चीपाशी गेले. एकटी गेले. पदराच्या गाठीतून दहाची नोट आणि पाचाचं नाणं काढलं.

"सर, तीन कमी पडले."

सरांनी नोट उलगडली, नाणं तिच्यावर ठेवलं. मला वाटलं आता म्हणतील, राहू द्या वहिनी. मी मनातून त्यालाच भीत होते. त्यांनी वरच्या खिशातून चष्मा काढला, सगळ्यांच्या देखत डोळ्यांवर चढवला आणि ते पैसे मोजले, जसे काही पंधराशे असावेत.

"बरोबर," ते म्हणाले, आणि खिशात घातले. "फिटले सगळे."